तुराटी वजनकाट्यावर

संक्रांतीच्या आगेमागे धाराशिव जिल्ह्यातल्या रानांत तुरीच्या राशी सुरू होतात. दाणे पोत्यात जातात, बारीक भुसकट जनावरांसाठी बाजूला निघतं आणि मागे उरते तुराटी. माणसाच्या उंचीची, बोटाएवढी जाड, वाळली की खडखड वाजणारी काडी. घराला एके काळी तिची कितीतरी कामं होती. चुलीत ती चटकन पेट घ्यायची, म्हणून पहाटेचा चहा आणि भाकरी तिच्यावर. परसाचा कूड तिचा, न्हाणीचा आडोसा तिचा, अंगणाचा खराटा तिचा, कोंबड्यांवर झाकायचं डालगंही तिचंच. आता बहुतेक घरांत गॅस आला, कुडाच्या जागी पत्रा आला आणि तुराटी बांधावर पडून राहू लागली. उन्हाळी नांगरटीच्या आधी रान मोकळं हवं असतं. मग एखाद्या संध्याकाळी तिला काडी लागते आणि तासाभरात ढिगाची राख होते.

याच जिल्ह्यातल्या तुळजापूरपासून सोलापूर ४५ किलोमीटरवर. सोलापूरच्या दक्षिणेला फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारात एनटीपीसीचं औष्णिक वीज केंद्र आहे. ६६० मेगावॅटचे दोन संच, एकूण १,३२० मेगावॅट. पहिला संच २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये व्यावसायिक उत्पादनात आला. तिथल्या भट्टीसाठी दगडी कोळसा रेल्वेच्या वाघिणींतून शेकडो किलोमीटरवरून येतो. म्हणजे एकाच पट्ट्यात एका बाजूला जळण फुकट जळून जातं आणि दुसऱ्या बाजूला जळण देशाच्या दुसऱ्या टोकाहून आणलं जातं. या दोन आगींची गाठ घालता येईल का, हा प्रश्न आता धोरणाचा झाला आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये कोळशावरच्या वीज केंद्रांना जैवभाराच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, कोळशात मिसळून जाळणं बंधनकारक केलं. २०२३ मध्ये त्यात सुधारणा झाली आणि प्रमाण ठरलं: २०२४-२५ साठी ५ टक्के, २०२५-२६ पासून ७ टक्के. या प्रकाराला सहज्वलन म्हणतात. त्यासाठी उभ्या केलेल्या राष्ट्रीय मोहिमेचं नाव ‘समर्थ’.

आकडा छोटा दिसतो. पण तो गाठण्यासाठी काय काय जुळून यावं लागतं, हे समजून घ्यायला सोलापूरच्या भट्टीआधी धाराशिवच्याच एका जुन्या चुलीपाशी जावं लागेल.

ओळखीची चूल

ती चूल म्हणजे साखर कारखान्याचा बॉयलर. ढोकीचा तेरणा, केशेगावचा डॉ. आंबेडकर, मुरूमचा विठ्ठलसाई, रांजणीचा नॅचरल शुगर, चोराखळीचा धाराशिव, सोनारीचा भैरवनाथ: जिल्ह्याचा नकाशा कारखान्यांच्या नावांनीही वाचता येतो. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपनाचा कार्यक्रम होतो, गव्हाणीत मोळी पडते आणि गाळप हंगाम सुरू होतो. उसाचा रस निघाला की चोथा उरतो, तो भुसा, म्हणजे बगॅस. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस मिळतो. त्याचं जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं, त्यामुळे त्याचा उष्मांक किलोला २,२५० किलोकॅलरीच्या आसपास भरतो. तरीही हा ओला भुसा अख्खा कारखाना चालवतो.

ते कसं, हे पाहण्यासारखं आहे. बगॅस पट्ट्यावरून बॉयलरच्या तोंडाशी येतो आणि हवेच्या झोतानं भट्टीत फेकला जातो. त्यातला हलका भाग अधांतरीच पेट घेतो, जड भाग खालच्या सरकत्या जाळीवर पडून जळतो आणि जाळीच्या टोकाला राख होऊन गळतो. भट्टीच्या भिंती म्हणजे पाण्याच्या नळ्यांच्या रांगा. त्यातलं पाणी वाफ होऊन उच्च दाबानं टर्बाइनवर जातं. टर्बाइन फिरतो, वीज होते. पण वाफेचं काम तिथे संपत नाही. टर्बाइनमधून बाहेर पडलेली कमी दाबाची वाफ रस तापवायला, आटवायला आणि पाकातून साखर उतरवायला जाते. एकाच आगीतून वीजही आणि प्रक्रियेची उष्णताही. सहवीजनिर्मिती म्हणतात ती हीच.

पूर्वी कारखान्यांचे बॉयलर कमी दाबाचे असत. भुशाचे डोंगर साठायचे, त्यांना आग लागण्याची धास्ती असायची. म्हणून भुसा कसा वाचवावा यापेक्षा तो कसा संपवावा याचाच विचार व्हायचा. वीज कारखान्यापुरती झाली की पुरे. नंतर चित्र पालटलं. बॉयलरचा दाब २१-३२ किलोवरून ६७, ८७ आणि ११० किलो प्रति चौरस सेंटिमीटरपर्यंत चढला. तोच भुसा, पण आधुनिक बॉयलर-टर्बाइनमध्ये टनभर उसामागे शंभर युनिटच्या आसपास वीज होऊ लागली. कारखान्याची गरज भागून उरलेली वीज तारेवर चढवता येऊ लागली. राज्यानं २००८ च्या अपारंपरिक ऊर्जा धोरणात बगॅसपासूनच्या विजेला स्वतंत्र लक्ष्य दिलं आणि साखरेच्या बरोबरीनं वीज विकणारे कारखाने उभे राहिले. पुढे दराचा प्रश्न आला. सौर वीज स्वस्त झाली तसं कारखान्यांच्या विजेचे खरेदी करार अवघड झाले आणि २०२४ मध्ये राज्य सरकारला युनिटमागे दीड रुपयाचं अनुदान देण्याचा निर्णय घ्यावा लागला.

या चुलीचा कोळशाशीही जुना संबंध आहे. गाळप साधारण मार्चपर्यंत आटोपतं, पण टर्बाइन वर्षभर चालवता आला तर गुंतवणूक लवकर फिटते. म्हणून शिल्लक बगॅस, इतर काडीकचरा आणि मर्यादित प्रमाणात कोळसा जाळून हंगामाबाहेर वीज करण्याची मुभा आहे. नियमांनी कोळशाचा वाटा बांधून दिला आहे, कारण ही वीज नवीकरणीय म्हणून विकली जाते. काडी आणि कोळसा एकाच बॉयलरमध्ये जाळणं या जिल्ह्यातल्या फायरमनला परकं वाटायचं कारण नाही.

इथल्या कारखान्यांचे हात किती लवचीक आहेत याचा पुरावा २०२१ नं दिला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनची टंचाई पडली तेव्हा चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्यानं आपल्या इथेनॉल प्रकल्पात फेरफार करून वैद्यकीय ऑक्सिजन तयार करायला घेतला. इथेनॉलमधलं पाणी शोषून घेण्यासाठी तिथे सूक्ष्म छिद्रांच्या मण्यांनी भरलेली टाकी असते. त्या जागी नायट्रोजन धरून ठेवणारे मणी वापरले की हवेतून ऑक्सिजन वेगळा होतो. तत्त्व सोपं आहे, पण ते ऐन संकटात, हातातल्या यंत्रावर करून दाखवायला धीर आणि कौशल्य लागतं. यंत्राशी अशी जवळीक असलेली माणसं जिल्ह्यात आहेत.

आगीला पाणी लागतं

मग जिल्ह्यानं बगॅसवरच भर का देऊ नये? याचं उत्तर इथलं आभाळ देतं. पाटपाण्यावरचा ऊस एकरी कोटीभर लिटरच्या घरात पाणी पितो. पाऊस फिरला की बेणंसुद्धा वाचत नाही. २०१२ आणि २०१५ च्या दुष्काळांची आठवण अजून ताजी आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा वर्षी कारखान्याच्या चिमणीतून धूर निघत नाही. तेरणा कारखाना तर बरीच वर्षं बंद राहिला आणि नंतर भाडेतत्त्वावर पुन्हा सुरू झाला. त्यामागे केवळ पाऊस नव्हता, पण पाऊस कधीच बाजूला नव्हता.

कोळशाची भट्टी तरी पाण्याला कुठे चुकली आहे? परळीचं औष्णिक केंद्र हे मराठवाड्याच्या विजेचं जुनं ठिकाण. १९७१ मध्ये ३० मेगावॅटच्या संचानं तिथे सुरुवात झाली, पुढे २१० आणि २५० मेगावॅटचे संच आले. पण २०१३ च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी अख्खं केंद्र बंद करावं लागलं आणि २०१५ मध्ये तीच वेळ पुन्हा आली. कोळशाचे ढीग पडलेले, यंत्रं शाबूत, पण वाफ करायला आणि ती थंड करायला पाणी नाही. सोलापूरचं केंद्र उजनीच्या पाण्यावर चालतं, आणि उजनीकडे किती गावं डोळे लावून बसतात हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही.

म्हणून धाराशिवच्या जळणाचा हिशेब उसापासून सुरू करणं मला पटत नाही. या जिल्ह्याचं खरं पीक कोरडवाहू आहे. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन, काही भागात कापूस, रब्बीत हरभरा आणि ज्वारी. तूर पावसावर येते, जमिनीत नत्र सोडते आणि पिकताना आपला पाला रानातच गाळते. म्हणजे मातीचं देणं ती बरंचसं जागेवरच फेडते. मागे राहते ती लाकडासारखी काडी. लवकर कुजत नाही, जनावर खात नाही, नांगराच्या आड येते. वाळलेल्या तुराटीचा उष्मांक किलोला साधारण ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी. देशी दगडी कोळशाच्या जवळपास, आणि राख त्याच्या मानानं फारच कमी. भारतीय कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक राखच असते. एक थेंब जादा पाणी न मागता पिकलेलं जळण या जिल्ह्यात कुठलं असेल, तर ते तुराटी आणि कापसाची पऱ्हाटी.

मोठ्या भट्टीचं पोट

आता सोलापूरच्या भट्टीकडे वळू. ती कारखान्याच्या बॉयलरची मोठी बहीण नाही, तिचा स्वभावच वेगळा आहे. इथे जाळी नाही. कोळसा गिरणीत दळून टाल्कम पावडरीसारखा बारीक केला जातो, गरम हवेबरोबर नळ्यांतून भट्टीत फुंकला जातो आणि हवेत तरंगतानाच एक-दोन सेकंदांत जळून जातो. ६६० मेगावॅटचे संच सुपरक्रिटिकल जातीचे. पाण्यावरचा दाब २२१ बारच्या पुढे गेला की पाणी आणि वाफ हा भेदच मिटतो, उकळीचा टप्पा न येता पाण्याची सरळ वाफ होते. त्यामुळे तेवढ्याच उष्णतेतून वीज जास्त निघते. कोळशातल्या उष्णतेपैकी चाळीस टक्क्यांच्या जवळपास विजेत उतरते. केवळ काडीकचऱ्यावर चालणाऱ्या आठ-दहा मेगावॅटच्या छोट्या केंद्रात हेच प्रमाण वीस-पंचवीस टक्क्यांवर थांबतं. सहज्वलनाच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा इथे आहे: तीच तुराटी छोट्या केंद्रात जाळली तर एक युनिट, मोठ्या भट्टीत जाळली तर दीडपट किंवा त्याहून जास्त. नवं केंद्र बांधायचं नाही, नवी तार ओढायची नाही.

पण तुराटी आहे तशी या भट्टीच्या पोटात जात नाही. कोळसा ठिसूळ असतो, दाबला की फुटतो. तुराटी चिवट असते, दाबली की चेपते, तिचे धागे निघतात आणि गिरणीत गुंतून बसतात. म्हणून ती आधीच बारीक दळून पेलेटच्या रूपात आणावी लागते. पेलेट करताना चुरा जाड पोलादी साच्याच्या भोकांतून प्रचंड दाबानं ढकलला जातो. त्या दाबानं आणि घर्षणाच्या उष्णतेनं लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच डिंकाचं काम करतं. वेगळा चिकटा लागत नाही. करंगळीएवढ्या कांड्या बाहेर पडतात, थंड झाल्या की कडक होतात. गिरणीत गेल्यावर त्या पुन्हा मूळ चुऱ्यात सुट्या होतात आणि कोळशाच्या भुकटीबरोबर निघून जातात.

तिथेही सांभाळून वागावं लागतं. काडीत उडून जाणारे ज्वलनशील वायू कोळशापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे ती कमी तापमानाला पेट घेते. गिरणीतली हवा कोळशासाठी ठेवतात तेवढी गरम ठेवली तर आग भट्टीऐवजी गिरणीतच लागेल. म्हणून हवेचं तापमान कमी ठेवतात आणि मिश्रणाचं प्रमाण हळूहळू वाढवतात. काही जातींच्या गिरण्यांना साधे पेलेट चालतच नाहीत, त्यांना भाजलेले पेलेट लागतात. शेंगदाणे भाजावेत तशी काडी बंद भांड्यात, हवा न लागू देता, २५० ते ३०० अंशांवर भाजली की तिच्यातला ओलावा आणि काही वायू निघून जातात. ती काळपट, ठिसूळ होते, पाणी धरत नाही आणि दळताना कोळशासारखी वागते. या क्रियेला टॉरिफॅक्शन म्हणतात. भाजण्याचा खर्च आहे, पण साठवण आणि वाहतूक सोपी होते.

दुसरी काळजी राखेची. शेतातल्या काडीत पोटॅश असतं, काहींत क्लोरीनही. पोटॅशमुळे राख कमी तापमानालाच वितळते, नळ्यांवर चिकट थर बसतो. क्लोरीन नळ्या खातं. पाच-सात टक्क्यांपर्यंत कोळशाची भरपूर राख हा परिणाम पोटात घेते. प्रमाण वाढवत नेलं तर भट्टीचा अभ्यास नव्यानं करावा लागतो.

आपल्याकडे या वाटेवर पहिलं पाऊल पडलं उत्तर प्रदेशात, एनटीपीसीच्या दादरी केंद्रात, २०१७ मध्ये. तिकडे निकड धुराची होती. पंजाब-हरियाणात भाताचं काड जळतं आणि दिल्लीचा श्वास कोंडतो. मराठवाड्यात निकड वेगळी आहे. इथे कोरडवाहू शेतकऱ्याला एकरी चार पैसे जास्त मिळणं ही निकड आहे.

इतरांनी केलेले प्रयोग

काडी आणि कोळसा एकत्र आणण्याच्या तीन वाटा जगानं चालून पाहिल्या आहेत. पहिली सरळ मिसळण्याची. डेन्मार्कमध्ये आरहूसजवळच्या स्टुडस्ट्रूप केंद्रात १९९६ ते १९९८ या काळात कोळशाबरोबर गव्हाचं काड जाळण्याचा मोठा प्रयोग झाला. पोटॅशचे आणि नळ्या खराब होण्याचे बहुतेक धडे तिथून शिकले गेले. दुसरी वाट शेजारी वेगळी चूल मांडण्याची. कोपनहेगनजवळच्या आवेदोरे केंद्रात काडासाठी स्वतंत्र बॉयलर आहे, वाफ मात्र मोठ्या टर्बाइनला मिळते. राख वेगळी राहते, ती शेतात परत नेता येते. तिसरी वाट फिनलंडमधल्या वासा शहरानं धरली. तिथे २०१२ मध्ये १४० मेगावॅटचा गॅसिफायर उभा राहिला. लाकडाच्या चुऱ्याचा आधी वायू करायचा आणि तो कोळशाच्या भट्टीत सोडायचा. आपल्याकडे आसाममध्ये नुमालीगडला बांबूपासून इथेनॉल काढणारा प्रकल्प उभा राहिला आहे. इथेनॉल निघाल्यावर उरणारा लिग्निनयुक्त भाग तिथे जळण म्हणून कामी येतो. बांबूचा आग्रह लातूरचे शेतकरी नेते पाशा पटेल यांनी आपल्या भागात वर्षानुवर्षं धरला आहे, तो या संदर्भात आठवतो.

एक उदाहरण सावध करणारंही आहे. इंग्लंडमधलं ड्रॅक्स हे अवाढव्य कोळसा केंद्र २०१३ पासून टप्प्याटप्प्यानं लाकडी पेलेटवर गेलं. पण एवढं लाकूड त्या बेटावर कुठून आणायचं? जहाजं भरून पेलेट उत्तर अमेरिकेतून येऊ लागले आणि जंगलांच्या तोडीवरून आजतागायत वाद सुरू आहे. भट्टी आधी ठरली आणि जळण नंतर शोधलं, की असं होतं.

हजार टनांचा प्रश्न

म्हणून आपला हिशेब जळणाच्या बाजूनं करून पाहू. सोलापूरचे दोन्ही संच दिवसभर पूर्ण भारानं चालले तर तीन कोटींहून अधिक युनिट वीज होईल. युनिटमागे साडेसहाशे ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाला वीस हजार टनांच्या आसपास कोळसा. त्याचे ५ टक्के म्हणजे रोज हजार टन, ७ टक्के म्हणजे चौदाशे टन. केंद्र कायम पूर्ण भारानं चालत नाही, म्हणून प्रत्यक्ष गरज कमी भरेल. तरी हजार टन हा आकडा डोळ्यांसमोर ठेवू.

तुरीचं एकरी उत्पादन चार-पाच क्विंटल आलं तर तुराट्या साधारण बारा-पंधरा क्विंटल निघतात. रोजच्या हजार टनांसाठी सातशे-आठशे एकरांतल्या तुराट्या लागतील, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर सव्वादोन लाख एकरांतल्या. तेही सलग तुरीचं रान धरून. सोयाबीनमध्ये आंतरपीक असेल तर क्षेत्र आणखी वाढेल. एकट्या धाराशिवला हे झेपणार नाही. लातूर, बीड, सोलापूर, कलबुर्गी हा सगळा तुरीचा पट्टा एकत्र धरला तर काडी नक्की आहे. प्रश्न काडी असण्याचा नाहीच. प्रश्न ती गोळा करण्याचा आहे.

ऊस कारखान्यात येतो तो साखरेसाठी. भुसा त्याच्या पाठीवर बसून येतो. त्याला आणायला वेगळा पैसा लागत नाही, म्हणून कारखान्याची चूल इतकी वर्षं बिनबोभाट पेटत राहिली. तुरीचं तसं नाही. दाणा एका दिशेला जातो आणि काडी रानातच राहते. ती उपटायची, मोळ्या बांधायच्या, बांधापर्यंत ओढायच्या, ट्रॅक्टरवर रचायच्या. सुटी तुराटी घनमीटरला शंभर किलोही भरत नाही. ट्रॉली उंच दिसते, वजन मात्र किरकोळ. पेलेट केले की तेवढ्याच जागेत सहाशे-सातशे किलो मावतात. म्हणजे पेलेट करणारं यंत्र शेतापासून फार तर पंधरा-वीस किलोमीटरवर हवं. त्यापलीकडे गेलं की डिझेल काडीची किंमत खाऊन टाकतं.

शिवाय हे सगळं फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत उरकायला हवं. जूनचा पाऊस आला की भिजलेल्या काडीला बुरशी लागते आणि पेलेटला पाणी लागलं तर त्याचा पुन्हा भुसा होतो. चार महिन्यांत गोळा करायचं आणि बारा महिने पुरवायचं. छपराची गोदामं हवीत, आगीपासून राखण हवी.

हे काम कुणाला येतं? गावोगावचं पीक नोंदवून ठेवायचं, कुणाच्या रानात कधी जायचं हे ठरवायचं, टोळ्या लावायच्या, गाड्या फिरवायच्या, वजन करायचं आणि पैसे खात्यात टाकायचे. ही सगळी व्यवस्था जिल्ह्यात आधीच उभी आहे. ती साखर कारखान्यांची आहे. प्रत्येक कारखान्याचा शेती विभाग असतो, गट कार्यालयं असतात, गावची इत्थंभूत माहिती असलेले स्लिपबॉय असतात, मुकादम असतात, वजनकाटा असतो, शेतकऱ्याचं बँक खातं असतं. विस्तीर्ण बगॅस यार्ड असतं, दुरुस्तीची कर्मशाळा असते आणि पेलेटची यंत्रं चालवायला स्वतःची वीज असते. मार्च-एप्रिलमध्ये गाळप संपतं आणि ही सारी यंत्रणा पुढचे काही महिने थंड पडते. तुराटी गोळा करायचे अखेरचे दोन महिने नेमके हेच.

मला या विषयात सांगायचं आहे ते एवढंच. काडी आणि कोळसा यांची सांगड घालणारं खरं यंत्र भट्टीत नाही, ते शेत आणि भट्टीच्या मध्ये आहे, आणि धाराशिवनं ते उसासाठी घडवून ठेवलेलं आहे. कारखान्यानं उन्हाळ्यात तुराटीचं गाळप करावं, पेलेट करावेत, काही आपल्या बॉयलरसाठी ठेवावेत आणि उरलेले सोलापूरला किंवा परळीला पाठवावेत. पाऊस कमी झाला, ऊस नसला, तरी कोरडवाहू रानात थोडीफार तूर उभी असते. उसाअभावी बंद राहणाऱ्या कारखान्याला त्या वर्षी निदान हे एक काम राहील.

काय नेऊ नये

जळणाचा बाजार उभा राहिला की हाव येते. म्हणून काय न्यायचं नाही हेही आधीच ठरवायला हवं. सोयाबीनचं भुसकट दुष्काळात जनावराच्या तोंडी जातं, ते भट्टीत जाऊ नये. उसाचं पाचट रानात कुजलं तर माती सुधारते, ओल टिकते, तेही शेतातच राहावं. मराठवाड्याच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच कमी आहे. तिच्या तोंडचा घास काढून केलेली वीज हिरवी म्हणवत नाही. तुराटी आणि पऱ्हाटी मात्र निराळ्या. पऱ्हाटी रानात उभी राहिली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो, म्हणून कृषी खातं ती वेळेत काढायलाच सांगतं.

ज्या घरांत अजून चूल पेटते त्यांचाही विचार हवा. सिलिंडर भरायला पैसे नसले की शेतमजूर बाई बांधावरच्या तुराट्यांचा भारा डोक्यावर घेऊन घरी जाते. आज त्याला कुणी हरकत घेत नाही, कारण त्या काडीला मोल नाही. मोल आलं की हरकत येईल. गोळा करण्याच्या कामात पहिला हक्क तिचा असला, गावातल्या बचत गटांना ते काम मिळालं, तरच हा व्यवहार न्यायाचा होईल.

राखेचाही हिशेब ठेवायला हवा. कारखान्याच्या बॉयलरची राख, रस गाळताना उरणाऱ्या प्रेसमडबरोबर कंपोस्टमध्ये मिसळून रानात परत जाऊ शकते. कोळशाबरोबर जळालेल्या तुराटीचं पोटॅश मात्र कोळशाच्या राखेत हरवतं आणि विटा-सिमेंटमध्ये जातं. तेवढं पोटॅश शेतकऱ्याला पोत्यातून विकत आणावं लागेल. काडीच्या दरात ही भरपाई धरली गेली पाहिजे.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. पाच-सात टक्के काडी मिसळून कोळशाच्या केंद्राला हिरवा मुलामा देण्यानं कोळशाचं आयुष्यच वाढणार नाही का? धोका खरा आहे. उरलेले त्र्याण्णव टक्के कोळसाच असतो आणि त्याचा धूर काडीनं पुसला जात नाही. पण दिवसाची वीज सूर्य देऊ लागला तरी संध्याकाळची आणि पावसाळ्यातली वीज अजून काही वर्षं भट्टीतूनच येणार आहे. त्या काळात बांधावर फुकट जळणारी काडी भट्टीत गेली तर तेवढा कोळसा जमिनीतच राहतो. उद्या कोळशाची केंद्रं बंद झाली तरी काडी गोळा करण्याची व्यवस्था वाया जाणार नाही. तेलगिरण्या, दूध संघ, कापड प्रक्रिया, वीटभट्ट्या यांना उष्णता लागतच राहील. काडीकचऱ्याच्या दाबलेल्या विटांना बाजारात आजही पांढरा कोळसा म्हणतात आणि कितीतरी बॉयलर त्यावर चालतात. सोलापूरची भट्टी हे या व्यवस्थेचं पहिलं मोठं गिऱ्हाईक ठरू शकतं, शेवटचं नव्हे.

कारखान्याच्या दारात उसाची बैलगाडी किंवा ट्रॅक्टर वजनकाट्यावर चढतो तेव्हा शेतकरी खाली उतरून आकड्याकडे टक लावून बघतो. वर्षभराची मेहनत त्या आकड्यात असते. मग खिडकीतून पावती मिळते, ती तो घडी घालून खिशात ठेवतो. बागायतदाराला हे सुख पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पाण्याचा थेंब नसलेल्या रानात तूर पिकवणाऱ्याच्या काडीचं वजन मात्र आजवर कुणी केलंच नाही. एखाद्या एप्रिलच्या उन्हात, हंगाम संपून सुन्या पडलेल्या कारखान्याच्या काट्यावर तुराट्यांची उंच ट्रॉली चढावी आणि आकडा किरकोळ का असेना, त्याची पावती त्याच्या हातात पडावी. बांधावरची आग त्या दिवशी विझेल.